साठ लाखांचा हिशेब मागणारे

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात या सदरात ‘डिनायल’ या २०१६ सालच्या इंग्रजी चित्रपटाचा उल्लेख आला होता आणि त्यावर गोव्याच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेबोरा लिपस्टाड या अमेरिकन इतिहास-संशोधक बाईंनी, हिटलरच्या राजवटीत सुमारे साठ लाख ज्यूंचा संहार झालाच नाही असे म्हणणाऱ्या लोकांविषयी १९९३ साली एक पुस्तक लिहिले. त्यात डेव्हिड आयर्व्हिंग या ब्रिटिश लेखकाचे नाव होते. आयर्व्हिंग यांनी १९९६ साली लंडनमध्ये लिपस्टाड आणि पेंग्विन प्रकाशन यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि ११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती चार्ल्स ग्रे यांनी तो फेटाळला. चित्रपट या खटल्याचा आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून छापलेली नाहीत.

प्रश्न (एक निवृत्त शिक्षिका, फोंडा): छळछावणीतून वाचलेल्यांना बोलू द्या, असा आग्रह चित्रपटात लिपस्टाड यांना धरला जातो. वकील मात्र वाचलेल्या एकाही माणसाला साक्षीला उभे करत नाहीत, खुद्द लिपस्टाड यांनाही गप्प बसवतात. ज्यांनी भोगले त्यांनाच बोलू न देणे हा अन्याय नव्हे का?

उत्तर: बाई, हा प्रश्न तुमच्याआधी लिपस्टाड यांनीच आपल्या वकिलांना विचारला होता आणि चित्रपटाचा निम्मा ताण त्यातूनच उभा राहिला आहे. इंग्लंडच्या त्या वेळच्या कायद्यात अब्रुनुकसानीच्या दाव्यात लिहिलेले खोटे आहे हे दावा लावणाऱ्याने सिद्ध करायचे नसून, लिहिलेले खरे आहे हे लिहिणाऱ्याने सिद्ध करायचे असते. शिवाय आयर्व्हिंग यांनी वकील दिला नव्हता. ते स्वतःच आपली बाजू मांडत होते. याचा अर्थ असा की, वाचलेली एखादी ऐंशीच्या घरातली बाई साक्षीला आली असती तर तिची उलटतपासणी त्यांनीच घेतली असती. दार डाव्या हाताला होते की उजव्या, धुराडे किती उंच होते, तुम्ही ते नेमके कुठून पाहिले, असे प्रश्न त्यांनी विचारले असते, आणि पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या आठवणीत एक दार इकडचे तिकडे झाले असते तर दुसऱ्या दिवशी तेवढीच बातमी झाली असती. वकील अँथनी ज्युलियस आणि रिचर्ड रॅम्प्टन यांनी ती संधीच ठेवली नाही. संहार झाला की नाही हा खटल्याचा विषय होऊ न देता, आयर्व्हिंग यांनी पुरावे जाणूनबुजून वाकवले की नाही, एवढाच विषय त्यांनी कोर्टापुढे ठेवला.

त्यासाठी केंब्रिजचे इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांनी सहायकांसह आयर्व्हिंग यांच्या पुस्तकांतल्या तळटिपा मूळ कागदांशी ताडून पाहिल्या. या कामात दोन वर्षे गेली. त्यातला एक नमुना असा. ३० नोव्हेंबर १९४१ रोजी हिटलरच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलर याने दूरध्वनीवर केलेल्या बोलण्याची त्याच्याच हातची टिपणे उपलब्ध आहेत. त्यात बर्लिनहून गेलेल्या ज्यूंच्या एका गाडीविषयी, त्यांना मारू नये, अशा अर्थाची दोन ओळींची नोंद आहे. आयर्व्हिंग यांनी ही एका गाडीबद्दलची नोंद सगळ्या ज्यूंना लागू केली आणि त्यावरून, हिटलरने तर संहार थांबवायला सांगितले होते, असा निष्कर्ष छापला. मारू नये असे एका गाडीपुरते मुद्दाम सांगावे लागते याचा अर्थ इतर गाड्यांचे काय होत होते, हा साधा प्रश्न त्यांना पडला नाही. त्या गाडीतल्या माणसांनाही त्याच दिवशी सकाळी लाटव्हियातल्या रिगाजवळच्या रुंबुलाच्या जंगलात गोळ्या घालून झाल्या होत्या. इव्हान्स यांना अशी उदाहरणे एकामागून एक सापडत गेली आणि प्रत्येक चूक एकाच दिशेला, हिटलरला सोडवण्याच्या दिशेला, झुकलेली होती. नजरचुकीच्या चुका अशा एकाच बाजूला पडत नाहीत, हा मुद्दा न्यायमूर्तींना पटला.

तेव्हा वाचलेल्यांना गप्प बसवले असे म्हणण्यापेक्षा, त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात जाण्यापासून वाचवले असे मी म्हणेन. नाट्याच्या दृष्टीने ही गोष्ट अवघड आहे, कारण नायिका चित्रपटभर मागच्या बाकावर गप्प बसून राहते. पटकथाकार डेव्हिड हेअर यांनी कोर्टातले संवाद प्रत्यक्ष नोंदीतून जसेच्या तसे घेतले, आणि त्या प्रामाणिकपणाची किंमतही मोजली. जिथे त्यांना कोर्टाबाहेर जावे लागले, उदाहरणार्थ लिपस्टाड यांचे लंडनमधले सकाळचे धावणे आणि राणी बौडिकाच्या पुतळ्याकडे पाहणे, तिथे चित्रपट उगीच नाटकी होतो.

मला विचाराल तर चित्रपटातली सर्वांत भेदक गोष्ट ऑशविट्झ या पोलंडमधल्या नाझी छळछावणीच्या बर्फातली नसून एका बाबागाडीजवळची आहे. आयर्व्हिंग यांनी आपल्या तान्ह्या मुलीला फिरवताना म्हणायला एक चार ओळींचे बडबडगीत रचले होते आणि रोजनिशीत लिहून ठेवले होते. मी आर्य बाळ आहे, ज्यू नाही, आणि अमक्या-तमक्याशी लग्न करणार नाही, असा त्याचा आशय. रॅम्प्टन यांनी ते कोर्टात वाचून दाखवले. हा माणूस केवळ कागदपत्रांत चुकलेला अभ्यासक आहे, हा बचाव त्यानंतर टिकण्यासारखा राहिला नाही. ज्यूद्वेष ही मशाली घेऊन मिरवणाऱ्यांचीच गोष्ट असते, अशी आपली समजूत असते. इथे तो बाळाला जोजवताना गुणगुणला गेला आहे.

प्रश्न (एक व्यापारी, म्हापसा): चतुर्थीला घरी सगळे जमलेले असताना आमच्या नात्यातले एक गृहस्थ, ज्यांचे वाचन दांडगे आहे, म्हणाले की ऑशविट्झच्या फलकावरचा चाळीस लाखांचा आकडा बदलून पंधरा लाख केला, मग साठ लाखांतून पंचवीस लाख वजा का झाले नाहीत? मला उत्तर देता आले नाही.

उत्तर: तुमच्या नातेवाइकांचे पहिले वाक्य खरे आहे, म्हणूनच दुसरे पचून जाते. चाळीस लाखांचा आकडा १९४५ साली सोव्हिएत चौकशी आयोगाने काढला. त्यांनी प्रेते जाळण्याच्या भट्ट्यांची क्षमता आणि त्या किती दिवस चालल्या यांचा गुणाकार केला. कम्युनिस्ट पोलंडमध्ये तो आकडा फलकावर राहिला आणि तिथली राजवट गेल्यावर १९९० च्या सुमारास काढला गेला. ऑशविट्झ संग्रहालयाचे इतिहासकार फ्रान्सिशेक पिपर यांनी निराळ्या वाटेने मोजणी केली: कुठून किती गाड्या आल्या, त्यांत किती माणसे होती, किती जणांची छावणीत नोंद झाली आणि किती जण तिथून दुसरीकडे पाठवले गेले. त्यातून निघालेला आणि आज मानला जाणारा आकडा असा, की सुमारे १३ लाख लोक तिथे आणले गेले आणि त्यांपैकी सुमारे ११ लाख मेले, ज्यांत जवळजवळ १० लाख ज्यू होते.

आता वजाबाकीकडे येऊ. साठ लाखांची बेरीज सोव्हिएत आकड्यावरून कधी केलीच नव्हती. ती युद्धापूर्वीची आणि नंतरची देशोदेशीची लोकसंख्या, हद्दपारीच्या याद्या आणि जर्मनांचे स्वतःचे अहवाल यांवरून झाली. इतिहासकार राऊल हिलबर्ग यांनी १९६१ साली, म्हणजे फलक बदलण्याच्या तीस वर्षे आधी, जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात ऑशविट्झमध्ये मेलेल्या ज्यूंचा आकडा १० लाखच आहे आणि एकूण आकडा ५१ लाख आहे. इतर अभ्यासकांची बेरीज साठ लाखांच्या आसपास जाते. अभ्यासकांचा मतभेद आहे तो या दोन आकड्यांच्या मधला आहे आणि तो कुणी लपवलेला नाही. तुम्ही व्यापारी आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो: जी रक्कम खात्यात कधी जमाच झाली नव्हती ती खर्ची टाकून शिल्लक कमी दाखवता येत नाही.

पुढच्या वेळी विषय निघाला तर चर्चा ऑशविट्झच्या बाहेर न्यावी. एकाच ठिकाणाविषयी शंका उत्पन्न केली की सगळे कोसळेल असा या मंडळींचा हिशेब असतो, पण सुमारे वीस लाख ज्यू पूर्वेकडे गोळ्या घालून मारले गेले, ज्यांचा वायुकोठड्यांशी, म्हणजे विषवायूने मारण्याच्या खोल्यांशी, संबंधच नाही. कीव्हजवळच्या बाबी यार दरीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारल्याची नोंद मारणाऱ्यांच्याच अहवालात आहे. लिथुआनियातल्या नाझी हत्यापथकाचा प्रमुख कार्ल येगर याने १ डिसेंबर १९४१ च्या अहवालात गावांची नावे, तारखा आणि पुरुष, स्त्रिया, मुले असे रकाने पाडून १,३७,३४६ ही बेरीज दिली आहे. ११ जानेवारी १९४३ रोजी हेर्मान ह्यॉफ्ले या नाझी अधिकाऱ्याने पाठवलेली एक तार ब्रिटिशांनी वाटेतच टिपली होती. तिच्यात बेलझेक, सोबिबोर, ट्रेब्लिंका आणि लुब्लिन (मायदानेक) या छावण्यांत १९४२ अखेरपर्यंत आलेल्यांचा आकडा १२,७४,१६६ असा आहे. ती ब्रिटिश अभिलेखागारात पडून होती आणि २००० साली, म्हणजे आयर्व्हिंग खटल्याच्याच वर्षी, अभ्यासकांच्या लक्षात आली. युद्धानंतर कुणी बनावट पुरावा रचला असता तर तो पन्नास वर्षे कुणाला न दाखवता फडताळात ठेवून दिला नसता.

प्रश्न (रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी, पेडणे): वायुकोठड्यांच्या भिंतींत सायनाइड सापडले नाही, असा एक ‘शास्त्रीय अहवाल’ मोबाइलवर फिरतो आहे. त्यात तथ्य किती?

उत्तर: तो १९८८ सालचा फ्रेड लॉइख्टर यांचा अहवाल असणार. त्यांनी ऑशविट्झमध्ये परवानगीशिवाय भिंतींचे ढलपे काढले आणि प्रयोगशाळेला ते कशाचे आहेत हे न सांगता तपासायला दिले. सायनाइड विटेच्या अगदी वरच्या थरातच, केसाच्या जाडीपेक्षाही कमी खोलीपर्यंत शिरते. प्रयोगशाळेने मात्र पूर्ण ढलपा दळून तपासला, त्यामुळे जे होते तेही विरळ झाले. दुसरे असे की उवा मारायला माणसाला मारण्यापेक्षा कितीतरी जास्त मात्रा आणि कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून कपडे निर्जंतुक करण्याच्या खोल्यांत निळे डाग राहिले आणि वायुकोठड्यांत अवशेष कमी राहिले. अहवालाने याचा नेमका उलटा अर्थ लावला. क्रॅकोच्या न्यायवैद्यक संस्थेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत वायुकोठड्यांच्या अवशेषांत सायनाइडची संयुगे सापडली. तुमच्या विषयाच्या विद्यार्थ्याने नमुना कसा घेतला हे आधी विचारायला हवे होते, असे किंचित रागावून सांगतो.

प्रश्न (एक वाचक, मडगाव): गोव्यात ज्यू नाहीत, होलोकॉस्ट (ज्यूंचा संहार) युरोपात झाला. आपल्या मराठी मासिकाने त्यावर इतकी पाने का खर्च करावीत?

उत्तर: पणजीला चर्चजवळच्या ज्या उद्यानात आपण बसता-उठता त्याला गार्सिया द ऑर्ता यांचे नाव आहे. हे पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आले आणि इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यांचे आईवडील बळजबरीने ख्रिस्ती केलेले ज्यू होते. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारे धर्मन्यायालय, आले. ऑर्ता १५६८ साली वारले, दुसऱ्या वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळले आणि १५८० साली खुद्द त्यांची हाडे उकरून जाळली. हा छळ धर्माच्या नावाने झाला, नाझींचा वंशाच्या नावाने, हा फरक आहेच. पण बाप्तिस्मा घेऊनही ‘रक्त’ तपासण्याची खोड स्पेन-पोर्तुगालात तेव्हाच लागली होती. १८१२ साली इन्क्विझिशन बंद झाल्यावर खटल्यांचे बहुतेक कागद नष्ट केले गेले, आणि आज कुणी म्हणाले की कागद नाहीत म्हणजे छळ नाही, तर मडगावात ते कोण ऐकून घेईल? जानेवारी १९४५ मध्ये ऑशविट्झच्या वायुकोठड्या सुरुंगाने उडवून आणि कागद जाळून नाझी पळाले, आणि पुढे त्याच पडक्या छतात विषवायू टाकण्याची भोके दाखवा, असे आव्हान आयर्व्हिंग देत होते.

युद्धही आपल्या दारात आले होते. मुरगाव बंदरात आश्रयाला आलेल्या ‘एरेनफेल्स’ आणि इतर जर्मन जहाजांची गोष्ट जुन्या माणसांकडून आपण ऐकली असेल. मार्च १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या गुप्त छाप्यात ती बुडाली. पोर्तुगालचा हुकूमशहा असलेल्या ज्या सालाझारने पुढे आपल्या सत्याग्रहींना तुरुंगात टाकले, त्यानेच फ्रान्समधल्या बोर्दोचा पोर्तुगीज वाणिज्यदूत आरिस्टिड्स द सोझा मेंडिस याला, जून १९४० मध्ये हुकूम मोडून ज्यू आणि इतर निर्वासितांना व्हिसा दिल्याबद्दल, नोकरीतून उठवले. १९५४ साली तो हलाखीत मेला.

आणि मराठीचे म्हणाल, तर अलिबाग-पेणच्या पट्ट्यात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, म्हणजे बेने इस्रायली, घरात मराठीच बोलत आले. किहीमकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर ही त्यांची आडनावे. जुन्या करारातल्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तने रचली. मराठी मासिकाने कुणाबद्दल लिहावे याची यादी करायची झाली तर ही माणसे तिच्यात आधीपासूनच आहेत.

प्रश्न (हौशी नाट्यमंडळ, साखळी): याच विषयावर, पण गोव्यातल्या घरात घडणारे नाटक स्पर्धेसाठी लिहायचे आहे. काय टाळावे?

उत्तर: पहिल्यांदा गणवेशातले जर्मन टाळा. आपल्याकडे ज्यूंचा द्वेष फारसा नाही, पण हिटलरचे कौतुक आहे, आणि नाटक तिथे आहे. त्याच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर पदपथावर व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते. नव्या मुंबईत खारघरला २००६ साली एका उपाहारगृहाला त्याचे नाव दिले गेले होते आणि ज्यू समाजाने हरकत घेतल्यावर ते बदलले. ‘या देशाला एक हिटलर हवा’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीत कुणी बोलले तर शेजारचा माणूस मान डोलावून भात पुढे सरकवतो. तुमचे खलपात्र असे सभ्य, मदतीला धावणारे, शब्दाला जागणारे असू द्या. त्याला संहार नाकारायलाही लावू नका. त्याने फक्त ‘मी आपला प्रश्न विचारतो आहे’ एवढेच म्हणत राहावे. प्रेक्षकाला तो आवडू लागला की तुमचा दुसरा अंक सुरू होतो.

दुसरी गोष्ट, सगळे सत्य जाणणारा प्राध्यापक शेवटच्या प्रवेशात आणून त्याच्या तोंडी आकडे घालू नका. स्पर्धेच्या परीक्षकांना तो आवडतो हे मला ठाऊक आहे, तरीही. त्यापेक्षा वाद जिंकूनही घरातले नाते तुटलेले दाखवा, किंवा वाद हरून एखादी मुलगी ग्रंथालयात जाताना दाखवा.

प्रश्न (वास्को): इस्रायलच्या गाझातल्या कारवाईवर टीका केली की ज्यूद्वेष्टे म्हणतात. मग बोलायचे तरी कसे?

उत्तर: सरकारवर सरकार म्हणून टीका करावी, इस्रायलमध्ये राहणारे ज्यूही ती रोज करतात, आणि गाझात मेलेल्या मुलांविषयी दुःख वाटायला कुणाची परवानगी लागत नाही. त्या टीकेत ‘हे लोक असेच’ हे आले, किंवा ‘तेव्हाचेही खोटेच असणार’ हे आले, की विषय बदलला असे समजावे. मुंबईच्या एखाद्या बेने इस्रायली कुटुंबाकडून इस्रायलच्या मंत्रिमंडळाचा जाब मागणे हेही त्यातच येते.

प्रश्न (एक वकील, पणजी): होलोकॉस्ट नाकारणे हा गुन्हा असावा का?

उत्तर: जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स येथे तो आहे, अमेरिकेत नाही. आयर्व्हिंग यांना ऑस्ट्रियात २००६ साली तीन वर्षांची शिक्षा झाली तेव्हा लिपस्टाड यांनीच तुरुंगवासाला विरोध केला होता. मी त्यांच्या बाजूने आहे, मात्र जर्मनीने आपल्यापुरता निराळा विचार करावा हेही मला मान्य आहे.

प्रश्न (एक मुख्याध्यापिका, डिचोली): ‘डिनायल’ शाळेत दाखवता येईल का?

उत्तर: नववीपासून पुढे दाखवावा. एनसीईआरटीच्या नववीच्या इतिहासात नाझीवादाचा धडा अनेक वर्षे शिकवला गेला आहे. तो शिकवून झाल्यावर दाखवला तर उत्तम. हिंसेची दृश्ये जवळजवळ नाहीत. सुरू करण्यापूर्वी इंग्लंडमधल्या अब्रुनुकसानीच्या कायद्याचा मुद्दा दहा मिनिटे फळ्यावर समजावून द्यावा, नाहीतर पहिला अर्धा तास मुले, खटला बाईंनी लावला की त्यांच्यावर लावला, हेच एकमेकांना विचारत बसतील. इंग्रजी उच्चार जलद आहेत, तेव्हा इंग्रजी उपशीर्षके लावून ठेवावीत आणि बडबडगीताच्या प्रसंगानंतर चित्रपट थांबवून मुलांना बोलू द्यावे.